तीन कामं, एक पासबुक : ऐरोलीतलं एक प्रकरण

ऐरोलीच्या एक चित्रकार बाई फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या नौपाड्यातल्या कचेरीत आल्या. रिटर्न भरायचं होतंच, पण मुख्य विचारणा वेगळी होती. "काका, चित्रं, लेखन आणि शिकवणी. यातलं एक सोडायचंय. कुठलं सोडू?" करसल्लागाराला असं कुणी सहसा विचारत नाही. पण एकदा तिऱ्हाइताकडून पैशाचा हिशेब मांडून घ्या, मग ठरवा, असं त्यांना ओळखीतल्या कुणीतरी सुचवलं होतं. त्यांच्या संमतीनं हे प्रकरण लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे गोल केले आहेत. शिकवणीची मुलं त्यांना ताई म्हणतात, मीही इथे ताईच म्हणतो.

ताईंचं वय ३६. उपयोजित कलेची पदवी, मग जाहिरात संस्थेत नोकरी. २०२१ मध्ये ती सोडली. आईसोबत सिडकोच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावर राहतात. पुढच्या खोलीत सकाळी चित्रांचं टेबल असतं. दुपारी चारनंतर टेबल भिंतीला लागतं आणि सतरंजी पसरली जाते. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची तक्रार वर्गाबद्दल कधीच नव्हती, जिन्यातल्या चपलांबद्दल होती. एक रॅक आणला आणि ती मिटली.

शिकवणीचे दोन भाग होते. शनिवार-रविवारी चित्रकलेची १२ मुलं, महिना ९०० रुपये. सोमवार, बुधवार, शुक्रवार मराठीची १० मुलं, महिना १,२०० रुपये. चित्रकलेला पालक मुलं पाठवतात ती बहुतेक एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या राज्याच्या चित्रकला ग्रेड परीक्षांसाठी. इंटरमीजिएटला ए श्रेणी मिळाली तर दहावीच्या निकालात ७ गुण वाढतात, बी ला ५, सी ला ३. त्यामुळे आठवीतल्या मुलाची आईसुद्धा पहिल्या फोनवर "हात कसा आहे बघा" म्हणत नाही, "ए मिळेल ना?" विचारते. स्मरणचित्र आणि संकल्पचित्र शिकवायला ताईंना मनापासून आवडतं. कर्तव्य भूमितीचा, म्हणजे कंपास-पट्टीनं काढायच्या आकृत्यांचा, त्यांना कंटाळा येतो, आणि मुलांना तो बरोबर कळतो.

मराठीची मुलं आली ती कायद्यामुळे. राज्यानं २०२० मध्ये सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा केला, तो टप्प्याटप्प्यानं लागू झाला. सीबीएसई आणि आयसीएसई शाळांत शिकणारी ऐरोली-रबाळ्यातली मुलं, त्यातली निम्मी घरी तमिळ, हिंदी किंवा गुजराती बोलणारी, अचानक 'ळ' आणि 'ण' गिरवू लागली. अशा मुलांना मराठी शिकवणारं माणूस मिळणं कठीण. शाळेतलं मराठी ज्यांना सोपं गेलं त्यांना ते परक्या मुलाला शिकवता येतंच असं नाही. ताईंना येतं, कारण त्या चित्र काढून सांगतात.

बाकी सगळं मोकळं काम. एका प्रकाशकाच्या पूरक वाचनाच्या पुस्तकांसाठी चित्रं, दिवाळी अंकांची रेखाचित्रं, लग्नपत्रिकांचं सुलेखन, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचा जिना रंगवणं. लेखनात मुलांच्या मासिकात गोष्टी, कधी एखादा लेख, आणि एका संस्थेसाठी जाहिरातींचे मराठी अनुवाद.

पासबुकातले बारा महिने

२०२३-२४ या आर्थिक वर्षाचं पासबुक आम्ही एंट्रीनुसार वेगळं केलं. वर्ष संपताना चित्र असं होतं : शिकवणीतून सुमारे २,३०,०००, चित्रांतून १,३४,०००, लेखनातून ४८,०००. एकूण ४,१२,०००. शिवाय प्रकाशकाकडे ६४,००० रुपयांचं एक बिल नोव्हेंबरपासून अडकलेलं.

नुसते हे तीन आकडे पाहिले तर कुणीही म्हणेल, लेखन सोडा. ताईही तेच ठरवून आल्या होत्या. माझं बोट मात्र महिन्यांवर अडलं. एप्रिल-मेमध्ये शिकवणीची फी शून्य, कारण मुलं गावाला. जूनमध्ये शाळा सुरू, नवी मुलं. जुलैपासून दिवाळी अंकांचे संपादक फोन करू लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चित्रकलेच्या मुलांची तयारी टिपेला, कारण ग्रेड परीक्षा साधारण सप्टेंबरअखेर येते, आणि मध्येच गणपतीत निम्मा वर्ग कोकणात. नेमकं तेव्हाच अंकांची चित्रं द्यायची असतात. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम आठ आठवड्यांत कोंबलेलं, आणि त्या कामाचा पैसा? दिवाळी अंकांचं मानधन दिवाळीनंतर येतं, काहींचं संक्रांतीनंतर. शिकवणीची फी मात्र पाच तारखेच्या आत. ज्या महिन्यांत ताई सगळ्यात जास्त राबत होत्या, त्या महिन्यांत त्यांना पोसत होती ती मराठीची १० मुलं.

मिश्र कमाई करणाऱ्यांना लोक "एक गेलं तर दुसरं आहे" असं सांगतात. ते खरं ठरायला दोन कामांचा मोसम वेगळा असावा लागतो. ताईंच्या बाबतीत दोन कामं एकाच मोसमात भिडत होती आणि दोन महिने सगळीच झोपत होती.

मग मी त्यांना एक कंटाळवाणं काम दिलं. चित्रांच्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे लिहायचं, हे काम आपल्याकडे कसं आलं? यादी मोठी नव्हती. जिन्याचं काम एका पालकांमुळे, दोन लग्नपत्रिका मैत्रिणींमुळे. उरलेली जवळजवळ सगळी लेखनातून आली होती. मुलांच्या मासिकाच्या संपादकांनी गोष्ट छापली, मग म्हणाले चित्रंही तुम्हीच काढा. तो अंक पाहून एका दिवाळी अंकाचा फोन आला. प्रकाशकानंही त्याच गोष्टी वाचून बोलावलं होतं. मराठीत चित्रकार पुष्कळ आहेत. मजकूर वाचून, समजून चित्र काढणारा संपादकाला पटकन सापडत नाही. जी स्वतः लिहिते तिच्याबद्दल त्याला ती खात्री असते.

लेखनातल्या एका भागाला मात्र हे लागू नव्हतं. जाहिरातींच्या अनुवादातून एकही चित्र आलं नव्हतं. शिवाय त्या वर्षी संस्थेनं यंत्रानं केलेला अनुवाद पाठवून "फक्त तपासून द्या" म्हणत दर निम्मा केला होता. तपासायला नव्यानं लिहिण्याइतकाच वेळ जात होता. मार्च महिनाभर ताईंनी वहीत तासांची नोंद ठेवली तेव्हा हे उघडं पडलं. त्याच वहीत दुसरीही गोष्ट दिसली : पुस्तकातल्या एका पानाच्या चित्रापेक्षा त्याच्या दुरुस्त्यांना जास्त वेळ लागतो. मांजराचा रंग बदला, मग मांजर बदला, मग आधीचंच बरं होतं.

तेव्हा ताईंच्या विचारण्याचं उत्तर तीन नावांतलं एक नाव हे नव्हतंच. प्रत्येक नावाच्या आत एक ठेवायचा आणि एक टाकायचा तुकडा होता. अनुवाद तपासणं बंद. लग्नपत्रिका फक्त डिसेंबर-जानेवारीत. दिवाळी अंक दोनच, तेही जूनमध्ये मजकूर देणारे. गोष्टी लिहिणं सुरू.

नोकरीचा प्रस्ताव

हे चालू असतानाच घोडबंदर रोडवरच्या एका शाळेनं कलाशिक्षिकेची जागा देऊ केली. महिना २८,०००, म्हणजे वर्षाला ३,३६,०००. सकाळी साडेसात ते दुपारी साडेतीन. ताईंच्या आईला हे फार पटलं होतं, आणि खरं सांगायचं तर माझाही पहिला कल तिकडेच होता. भविष्यनिर्वाह निधी, दरमहा ठरलेला पैसा, आईच्या औषधांना आधार.

ताईंची कल्पना अशी की नोकरी करून संध्याकाळी मराठीची मुलं ठेवायची. इथे एक कलम आडवं आलं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी करता येत नाही. सगळीकडे शिकवण्या चालतात हे ठाऊक आहे, पण मी हिशेब मांडताना मनाईचं उत्पन्न जमेला धरत नाही. म्हणजे नोकरी घेतली की २,३०,००० थेट गेले. सकाळ गेली, म्हणजे चित्रांचा चांगला उजेडही गेला. उरली रात्र आणि रविवार. चित्रं निम्म्यावर आली असती असं धरलं तरी एकूण बेरीज आत्ताच्या आसपासच राहत होती. स्थैर्य मिळालं असतं, पण पुढे वाढायला जागा कुठून आली असती ते मला कागदावर दाखवता येईना. मी दोन्ही रकाने त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी नाही म्हणून कळवलं. आईनं चार दिवस अबोला धरला असं नंतर कळलं.

त्याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरत होता, की १६ वर्षांखालच्या मुलांचे क्लास सरकारनं बंद केले. ताई घाबरल्या होत्या. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाची जानेवारी २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं खरी, पण त्यात कोचिंग सेंटर म्हणजे ५० हून अधिक विद्यार्थी असलेलं केंद्र. सतरंजीवरच्या २२ मुलांशी त्याचा संबंध नाही.

अडकलेले चौसष्ट हजार

आता या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. प्रकाशकाच्या कचेरीतून ताईंना दर पंधरा दिवसांनी एकच उत्तर मिळे : बिल अजून अकाउंट्सला गेलेलं नाही, साहेब बाहेरगावी आहेत. ताई गप्प बसत, कारण पुढचं पुस्तकही तिथूनच मिळणार होतं.

मी रिटर्नच्या तयारीसाठी त्यांचा फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावावर कापून भरलेल्या कराचा सरकारी उतारा, उतरवून घेतला. त्यात प्रकाशकाच्या नावानं तिसऱ्या तिमाहीत ६४,००० रुपयांच्या रकमेवर ६,४०० रुपये टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून भरलेला कर, जमा झालेला दिसला. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४जे खाली व्यावसायिक मोबदल्यावर १० टक्के कापायचे असतात, आणि तो कर पैसे देताना किंवा खात्यात ती रक्कम जमा दाखवताना, जे आधी घडेल तेव्हा कापावा लागतो. पैसे तर दिलेले नव्हते. म्हणजे बिल अकाउंट्सला पोहोचलं होतं, वहीत नोंदलं गेलं होतं, खर्चात धरलं होतं आणि त्यावरचा कर सरकारजमाही झाला होता. फक्त ताईंना द्यायचं राहिलं होतं.

भांडायची गरज पडली नाही. ताईंनी एक ईमेल लिहिला, अगदी नम्र : आपण माझ्या बिलावरचा कर वेळेवर भरल्याबद्दल आभार, २६एएस ची प्रत सोबत जोडली आहे, उरलेले ५७,६०० रुपये केव्हा जमा होतील ते कळवावं. प्रत अकाउंट्स आणि मालक दोघांनाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आले. माझ्या पाहण्यात असे कितीतरी चित्रकार-लेखक आहेत जे २६एएस कधी उघडतच नाहीत, कारण "आपल्याला कुठे कर लागतो!"

ताईंनीही तेच धरलं होतं. २०२३-२४ ला नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य, हे बरोबर. पण कर शून्य असला तरी कापलेला टीडीएस आपण होऊन परत येत नाही, रिटर्न भरावं लागतं. त्या वर्षाचा परतावा मिळाला. आधीच्या वर्षाचे सुमारे ३,१०० रुपये मात्र गेले. उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच भरता आलं असतं, आणि त्यानंतरच्या अद्ययावत रिटर्नमध्ये परतावा मागता येत नाही. उशीर माफ करून घेण्याचा वेगळा अर्ज असतो. तेवढ्यासाठी तो करायला ताई तयार नव्हत्या.

रिटर्न भरताना मैत्रिणीनं त्यांना कलम ४४एडीए सुचवलं होतं : निम्मं उत्पन्न खर्च धरायचं, वह्या ठेवायची गरज नाही. ते सरसकट सगळ्या फ्रीलान्सरांसाठी नाही. डॉक्टर, वकील, अभियंते, वास्तुविशारद, हिशेबनीस, अंतर्गत सजावटकार, चित्रपट कलावंत वगैरे ठरावीक व्यवसायांची यादी आहे, आणि शिकवणी त्यात नाही. आम्ही रंग, कागद, टॅब्लेट, इंटरनेट, प्रवास असा प्रत्यक्ष खर्च लिहून नेहमीच्या पद्धतीनं भरलं. वर्षाला २,५०० रुपयांच्या व्यवसाय कराची नोंदणीही राहिली होती, ती करून घेतली. जीएसटीची सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा फार लांब आहे.

मार्चमध्ये उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली. ती फुकट आणि ऑनलाइन होते. त्यासाठी कुणी दोन हजार मागत असेल तर देऊ नयेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म पुरवठादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. आणि २०२३-२४ पासून त्याच आयकर कायद्याच्या कलम ४३बी(एच) मुळे मुदत टाळणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. "प्रकाशनानंतर ९० दिवसांनी" हे छापील वाक्य या कायद्यापुढे टिकत नाही. नोव्हेंबरच्या जुन्या बिलाला मात्र याचा आधार घेतला नाही, कारण नोंदणी त्यानंतरची होती आणि आधीच्या व्यवहारावर असा हक्क सांगणं वादात सापडतं. ताईंच्या आताच्या बिलावर उद्यम क्रमांक आणि "४५ दिवस" एवढंच ठळक असतं. कलमांची धमकी नसते. अकाउंट्सच्या माणसाला तेवढं पुरतं.

चित्र कुणाचं, गोष्ट कुणाची

हा भाग सुटलेला नाही. ताईंनी २०२२ मध्ये काढलेली एका पुस्तकाची चित्रं त्याच प्रकाशकानं नंतर मुलांच्या वाचनाच्या ॲपमध्ये वापरली. वेगळा पैसा नाही, विचारणंही नाही. कागद म्हणून ताईंकडे फक्त व्हॉट्सॲपवरचा "प्रति पान अमुक" एवढा निरोप होता. इथे मी वकील मित्राला गाठलं.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखक. तो नोकरीत असताना लिहिलेला नसेल तर नुसतं मानधन दिल्यानं हक्क जात नाही. हक्क हस्तांतरित करायला मालकाच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. चित्रांचं मात्र असं सरळ नाही. कलम १७ मध्ये मोबदला देऊन काढून घेतलेलं छायाचित्र, पेंटिंग, व्यक्तिचित्र यांचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, काढून घेणारा असतो. पुस्तकातलं शाईचं रेखाचित्र पेंटिंग ठरतं का? मित्र म्हणाला, दोन्ही बाजूंनी बोलता येईल आणि दोन्ही बाजू फी घेतील. म्हणजे एकाच पुस्तकात गोष्ट आणि चित्र एकाच बाईंचं असूनही एकावर त्यांचा हक्क पक्का आणि दुसऱ्यावर धूसर, असं होऊ शकतं. जी बाई दोन्ही करते तिनं म्हणूनच दोन्हींचा एकच कागद करावा. ॲपबद्दलच्या पत्राला अजून उत्तर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकाशकाशी झालेल्या करारात हक्क फक्त छापील मराठी आवृत्तीचा, मुदत ५ वर्षं, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, तिसरीला पानामागे वेगळा दर, आणि ३० टक्के रक्कम कामाआधी असं लिहिलं. ते पुस्तक कसलं? मराठी न बोलणाऱ्या घरातल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी छोट्या गोष्टींचं. बाजारात या मुलांसाठी एक तर बालवाडीची पुस्तकं असतात, ज्यांची त्यांना लाज वाटते, नाही तर मराठी माध्यमाची, जी झेपत नाहीत. मधलं काही मिळेना म्हणून ताई सतरंजीवर मुलांसाठी स्वतःच पानं तयार करत होत्या. तीच पानं हे पुस्तक झाली. काम जानेवारी ते एप्रिल चाललं, म्हणजे रिकाम्या महिन्यांत चित्रांचा पैसा आला. मे महिन्यातल्या शिबिराचा बेत त्यांनी केला होता, पण उकाड्यात पत्र्याच्या शेडखाली मुलं बसतील का याची मला शंका होती. शेवटी ते झालंच नाही.

२०२४-२५ ची बेरीज ५,०६,००० झाली. शिकवणी २,६२,०००, चित्रं १,८८,०००, त्यात प्रकाशकाचे जुने पैसे धरून, आणि लेखन ५६,०००. म्हणजे ते जुने पैसे वगळले तर चित्रांचा आकडा आधीच्या वर्षापेक्षा किंचित कमीच भरतो. लेखन अनुवाद सोडूनही वाढलं. आरोग्य विमा घेतला, आईचाही. हप्ता जड आहे, आणि माझ्या मते नोकरी नाकारण्याची खरी किंमत हीच.

मराठीच्या वर्गात आता ११ मुलं आहेत आणि ५ प्रतीक्षेत. मी म्हणतो फी १,५०० करा आणि १० वर थांबा, सकाळच्या चित्रांना जीव राहील. ताई म्हणतात फी वाढली की आधी गळेल तो रबाळ्याच्या रिक्षावाल्याचा मुलगा, आणि गोष्टींच्या पानांवरची सगळ्यात चांगली दुरुस्ती त्यानंच सुचवली होती. जूनच्या बॅचचा फलक अजून लिहायचा आहे.